केस सोनेरी केले, आता ते सांभाळायचे कसे?

आजचा विषय ऐकून आपल्यातल्या वयस्कर मावश्यांना हसू येईल, एखादीला रागही येईल. बचतगटाच्या कार्यक्रमात सोनेरी केसांचं काय काम, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर सोपं आहे. गेल्या लग्नसराईपासून मासिक बैठकीत कर्जाचे हप्ते संपले की हाच प्रश्न निघतो. कुणाच्या मुलीने हायलाइट्स केले आणि आता केसांचा काथ्या झालाय. कुणाच्या सुनेच्या केसांना नारिंगी रंग चढलाय. आणि गटातून कर्ज घेऊन पार्लर टाकलेल्या आपल्या मैत्रिणींकडे मुली मोबाइलवर फोटो दाखवून म्हणतात, ताई, अस्सं करून द्या. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तालुक्याला जातं, हो म्हटलं आणि बिघडलं तर गावभर नाव होतं.

केस रंगवावेत की नाही, हे जिचे केस तिने ठरवावं. गावातले पोरगे यात्रेला डोक्यावर सोनेरी तुरे करून फिरतात, त्यांना कुणी काही विचारत नाही, मग मुलींनाच का बोलायचं? पण रंग करताना केसांचं काय होतं, हे माहीत असलं पाहिजे. तेवढं आज सांगतो.

आपले केस काळे का दिसतात, इथून सुरुवात करू. केसाच्या आत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. त्यात काळं-तपकिरी आणि तांबूस-पिवळं असे दोन प्रकार. युरोपातल्या सोनेरी केसांच्या लोकांमध्ये काळं द्रव्य जन्मतःच फार कमी असतं, म्हणून त्यांचे केस तसे. आपल्यात ते भरपूर. त्यामुळे आपल्याला सोनेरी रंग वरून चढवता येत नाही, आधी आतला काळा रंग मोडून काढावा लागतो. काळ्या पाटीवर पिवळा खडू उठतो, तसं केसांचं नसतं. हा रंग मोडायचं काम ब्लीच करतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परसल्फेटची पावडर असते. केसावर माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक थर असतात. ब्लीच ते खवले उघडून आत शिरतं आणि मेलॅनिन मोडतं. मेलॅनिनबरोबर केसाची स्वतःची प्रथिनंही थोडी मोडतात. नुकसान होतं ते इथे.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस जिवंत नसतो. हाताला खरचटलं तर ते भरून येतं, केस भरून येत नाही. बाटलीवर ‘खराब केस दुरुस्त करणारं’ असं काहीही लिहिलेलं असो, केस मऊ लागतो, चमकतो, पण मोडलेला भाग पुन्हा जुळत नाही. म्हणून नंतर औषधपाणी करण्यापेक्षा मुळातच कमी मोडेल असं बघायचं.

काळा केस ब्लीच होताना आधी तांबडा होतो, मग नारिंगी, मग पिवळा, मग फिकट पिवळा. फोटोतला फिकट सोनेरी रंग त्या रांगेत अगदी शेवटी येतो. आपले दाट काळे केस एका बैठकीत तिथे नेले, तर रंग मिळेल पण केस हातात येतील. अशा रंगाला काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका लागतात. म्हणून आमचं मत विचाराल, तर मधासारखा किंवा गुळाच्या पाकासारखा रंग निवडावा. तो रांगेत मध्येच येतो, ब्लीच कमी लागतं आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला तो शोभतोही. दुसरं, मुळाशी केस काळेच ठेवून खालच्या भागात हलक्या बटा काढाव्यात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सगळं डोकं मुळापासून सोनेरी केलं, की महिन्या-दीड महिन्यात भांगात काळी पट्टी दिसते आणि पुन्हा पार्लरची फेरी. वर्षाला आठ-नऊ फेऱ्या झाल्या. एका फेरीचे पैसे गुणिले आठ, हा हिशेब आपल्या गटातल्या बायकांना शिकवायची गरज नाही. मुळं काळीच ठेवली तर वाढलेला केस आपोआप मिसळून जातो.

आता सगळ्यात धोक्याचं सांगतो. ब्लीच या एका शब्दाने आपल्याकडे तीन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. एक पार्लरमधलं केसांचं ब्लीच. दुसरं चेहऱ्याचं ब्लीच, जे लहान डबीत मिळतं आणि चेहऱ्यावरच्या लवेसाठी असतं. तिसरी ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टाकते ती टीसीएल पावडर. ही तिसरी वस्तू क्लोरीनची असते. ती केसांचं प्रथिनच विरघळवते आणि डोक्याची कातडी भाजते. कुणी गमतीनेही ती डोक्याला लावू नये, तिची वाफही हुंगू नये. कपड्यांचे डाग काढायच्या पातळ ब्लीचलाही हेच लागू. चेहऱ्याचं ब्लीचही केसांसाठी नाही.

दुसरा धोका काळ्या मेंदीचा. आपल्याकडे पांढरे केस झाकायला पुडीतली काळी मेंदी सर्रास वापरतात. मेंदीच्या पाल्याचा रंग नुसता तांबूस-नारिंगी असतो, काळा कधीच नसतो. म्हणजे काळ्या पुडीत मेंदीशिवाय आणखी काहीतरी आहेच. बहुतेक वेळा ते पीपीडी नावाचं रसायन असतं, काही पुड्यांमध्ये धातूंचे क्षारही असतात. असे धातूचे क्षार केसात असताना वरून पेरॉक्साइड पडलं, तर केस तापतो, वाफ निघते आणि बटच्या बट तुटते. आमच्या एका गटातल्या ताईंच्या सुनेचं असंच झालं. लहान वयात केस पिकले म्हणून ती दोन वर्षं पुडी लावत होती. दिराच्या लग्नाआधी तालुक्याच्या गावी एका पार्लरमध्ये सोनेरी बटा काढायला बसली. आधी काय लावलंय, हे तिला कुणी विचारलं नाही आणि सांगावं असं तिला वाटलं नाही. दहा मिनिटांत बटा गरम लागायला लागल्या. धुतल्या तेव्हा कानामागचे केस चार बोटं उरले होते. लग्नात ती पदर डोक्यावरून खाली येऊ देईना. पार्लरवालीने पैसे परत केले, पण पैशाने काय होतं?

यावर उपाय फुकटचा आहे. मानेजवळची, आतल्या बाजूची दोऱ्याएवढी बट कापून घ्या आणि तिच्यावर आधी ब्लीच करून बघा. तापली, तुटली, हिरवी झाली, तर डोक्याला हातच लावायचा नाही. शुद्ध मेंदीचं काय, असं विचाराल. मेंदीचा रंग केसाच्या प्रथिनाला घट्ट धरतो. ब्लीचने तो नीट निघत नाही, नारिंगी ठिपके राहतात. मेंदीबरोबर नीळपत्तीची पूड लावलेली असेल, तर ब्लीचनंतर हिरवट झाक येऊ शकते. उलट बाजूनेही सांगतो, ब्लीच केलेल्या केसाला मेंदी लावली तर केस भडक केशरी होतात. म्हणजे मेंदीवालीने ब्लीचच्या नादी लागू नये आणि ब्लीचवालीने मेंदीच्या. रंगवलेला भाग कापून जाईपर्यंत थांबावं.

आता पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींसाठी. पेरॉक्साइडच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम असा आकडा असतो. १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. आकडा मोठा तसं काम झटपट, आणि नुकसानही तेवढंच झटपट. घाईचं गिऱ्हाईक आलं म्हणून ४० ची बाटली काढू नका. २० ने वेळ जास्त लागतो, पण केस राहतो. मुळाजवळ अंगाच्या उबेने ब्लीच लवकर काम करतं, म्हणून पहिल्यांदा करताना मुळं शेवटी घ्या. पुढच्या वेळी मात्र फक्त नव्याने वाढलेल्या काळ्या भागालाच लावा. आधी ब्लीच झालेल्या केसावर पुन्हा ब्लीच चढलं, की तिथेच तो तुटतो. निम्म्याहून जास्त केस या एका चुकीने जात असतील, असा आमचा अंदाज आहे.

कालवायला प्लॅस्टिकची वाटी घ्या, धातूची नको. उरलेलं कालवण बाटलीत भरून झाकण लावू नका, आत वायू साठतो आणि बाटली फुटते. ब्लीच करायच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला डोकं धुवायला लावू नका, कातडीवरचं तेल थोडं रक्षण करतं. डोक्यावर जखम, खाज, पुरळ असेल तर सरळ परत पाठवा. आणि तुमच्या स्वतःच्या जिवाचं काय? परसल्फेटच्या पावडरीची धूळ रोज नाकात गेली, तर दम्यासारखा त्रास आणि हाताला इसब होऊ शकतं. केसांचं काम करणाऱ्या बायकांना होणारा हा जगभरचा ओळखीचा आजार आहे. दार-खिडकी उघडी ठेवा, पावडर हळू काढा, तोंडाला फडकं बांधा आणि हातमोज्यांना कंजूषी करू नका.

ब्लीचनंतर वरून रंग लावला जातो, त्यात पीपीडी असू शकतं. त्याची ॲलर्जी काही जणींना फार जोरात येते, डोळे सुजतात, चेहरा सुजतो. म्हणून थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आत लावून ४८ तास बघायचं. ज्यांना काळ्या मेंदीने एकदा जरी पुरळ आलं असेल, त्यांनी हा रंग लावूच नये. श्वास लागला किंवा तोंड-घसा सुजला, तर घरगुती इलाज करत न बसता दवाखाना गाठा. आणि रंगाच्या पुड्या मुलांच्या हाती लागतील अशा कोनाड्यात ठेवू नका. हे पोटात गेलं तर जिवावर बेततं.

आता ज्यांचे केस सोनेरी होऊन बसले आहेत, त्यांच्याकडे येतो. तक्रार एकच असते: पहिले पंधरा दिवस छान होता हो, मग पिवळाधमक झाला. याची दोन-तीन कारणं. वरून लावलेला हलका रंग धुण्याने निघून जातो आणि ब्लीचचा मूळ पिवळेपणा वर येतो. यासाठी जांभळा शाम्पू मिळतो. त्याचं काम कसं चालतं, हे आपल्या आज्यांना सांगावं लागणार नाही. पांढरं धोतर पिवळं पडलं की त्या निळीचं पाणी देत होत्या. पिवळ्यावर निळा-जांभळा पडला, की पिवळा दिसेनासा होतो. केसांचंही तेच. आठवड्यातून एकदा लावा, दोन-तीन मिनिटं ठेवा, बस. रोज लावला तर केस जांभळट, मळकट दिसतात. केस पिवळ्याऐवजी नारिंगी असतील तर निळा शाम्पू लागतो. कपड्यांची नीळ मात्र डोक्याला लावू नका, ती कपड्यांसाठीच आहे.

दुसरं कारण आपल्या पाण्यात आहे. ज्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर बसतो, ते पाणी जड. त्यातले क्षार केसावर बसतात आणि केस राठ, निस्तेज होतात. पाण्यात लोह असेल तर फिकट केसाला तांबूस झाक येते. काळ्या केसावर हे दिसत नाही, सोनेरीवर लगेच दिसतं. ब्लीच केलेला केस स्पंजासारखा असतो, जे भेटेल ते शोषतो. शक्य असेल तर शेवटचे दोन तांबे तरी हलक्या पाण्याचे घ्या. पावसाळ्यात पागोळीखाली स्वच्छ पातेलं लावून धरलेलं पाणी उत्तम, पण पहिल्या पावसाचं नको, त्यात पत्र्याची धूळ असते. तेही नसेल तर तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून, पंधरा दिवसांतून एकदा शेवटी ओता आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. लिंबू चोळून उन्हात बसायचं, हे मोबाइलवरचं खूळ मात्र करू नका. त्याने केस आणखी कोरडा होतो.

तिसरं कारण हळद. लग्नघरात मुली केस सोनेरी करतात आणि दुसऱ्या दिवशी हळदीला बसतात! हळदीचा पिवळा रंग ब्लीचच्या केसात असा मुरतो, की फोटोत सगळं डोकं पिवळं. हळदीच्या आधी केसाला खोबरेल लावा, घट्ट वेणी घाला आणि वरून फडकं बांधा. तरीही लागलीच, तर घाबरून पुन्हा ब्लीच करू नका. हळदीचा रंग उन्हाने आणि धुण्याने विटत जातो. रंगपंचमीलाही हीच काळजी घ्यायची. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्यांनी बोर्डो मिश्रणाच्या फवारणीच्या दिवशी डोकं पूर्ण झाकावं. त्यातल्या मोरचुदात तांबं असतं आणि तांब्याने फिकट केसाला हिरवी झाक येते. शहरात पोहण्याच्या तलावात सोनेरी केस हिरवे होतात, त्याचंही कारण बहुतेकदा पाण्यातलं तांबंच असतं. आणि ऊन तर आहेच. उन्हाने रंगही विटतो आणि केसही कमजोर होतो, तेव्हा शेतात पदर नाहीतर सुती रुमाल डोक्यावर असू द्या.

आता तेलाचं. आपल्या आयांचं म्हणणं इथे खरं ठरलंय. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर तपासून पाहिलं. साधे केस घेतले, ब्लीच केलेलेही घेतले. धुताना केसातलं प्रथिन निघून जातं, ते कमी करण्यात खोबरेल पुढे निघालं, बाकीच्या दोन तेलांनी तो गुण दाखवला नाही. कारण खोबरेल केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन वरच राहतात. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगून ठेवतो, पण शास्त्राच्या दृष्टीने तो अभ्यास आजही मानला जातो. तर डोकं धुण्याआधी काही तास किंवा आदल्या रात्री खोबरेल लावा. हिरवी, लाल सुगंधी तेलं नकोत, त्यांचा रंग फिकट केसावर उतरू शकतो. दही, अंडं लावून केस मऊ लागतात, तेवढंच. त्यातली प्रथिनं आत जाण्याइतकी लहान नसतात. अंडं पोटात गेलं तर नव्या केसाला जास्त उपयोगी.

धुणं आठवड्यातून दोनदा पुरे. बंबाचं कढत पाणी डोक्यावर नको, कोमट घ्या. अंगाचा साबण किंवा कपड्याची वडी केसाला लावू नका, जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसतो. शाम्पूची पुडी घेता तशी कंडिशनरचीही घ्या. तो मुळाशी नको, खालच्या अर्ध्या केसाला लावा आणि दोन मिनिटांनी धुवा. ओला केस सगळ्यात नाजूक असतो, त्यातून ब्लीचचा तर रबरासारखा ताणतो. पंच्याने खसाखसा पुसू नका, सुती कापडात गुंडाळून दाबा. ओल्या केसाचा घट्ट आंबाडा घालू नका. गुंता रुंद दात्यांच्या फणीने टोकाकडून सोडवत वर या. उवांची बारीक फणी ब्लीचच्या केसातून ओढायची नाही. उवा झाल्या असतील तर आधी कंडिशनर लावून, मग हळूहळू. स्ट्रेटनिंगचं यंत्र रोज फिरवू नका, आणि ब्लीच केलेल्या केसावर रिबॉन्डिंग-स्मूदनिंग तर अजिबात नको.

केस कितपत टिकलाय, ते घरीच बघता येतं. एक ओला केस दोन बोटांत धरून हळूच ताणा. थोडा ताणून परत आला तर बरा आहे. च्युइंगमसारखा लांबत जाऊन तुटला, तर पुढचं ब्लीच रद्द, पार्लरवालीने कितीही आग्रह केला तरी.

जाता जाता एक वेगळी गोष्ट. घरातल्या लहान बाळाचे केस काही न लावता भुरे, विरळ, सहज उपटून येतील असे झाले, पाय सुजले, बाळ किरकिर करू लागलं, तर ते प्रथिनं कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. गोंडस दिसतंय म्हणून सोडून देऊ नका, अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना दाखवा.

आणि ज्यांना हे सगळं नकोसं झालंय, त्यांच्यासाठी. एकदम काळी पुडी लावून झाकू नका. स्पंजासारखा केस काळा रंग जास्त ओढतो, ठिकठिकाणी निळा-काळा दिसतो आणि पीपीडीचा धोका वेगळाच. दर दोन-तीन महिन्यांनी दोन बोटं केस कापत राहा. महिन्याला एक सेंटिमीटर धरला, तर खांद्यापर्यंतचा नवा काळा केस यायला दोन-अडीच वर्षं लागतात. तोपर्यंत काळ्या-सोनेरीची सीमा दिसणार, ती वेणीत लपते. ज्या पार्लरवाल्या मैत्रिणींना बट तपासायची कशी हे प्रत्यक्ष बघायचंय, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला येताना आपली पेरॉक्साइडची बाटली घेऊन यावी. लेबल एकत्र वाचू.